अस्वलाचा रंग कोणता?

एक जुनं कोडं आहे. एक माणूस तंबूतून निघतो, एक मैल दक्षिणेला चालतो, मग एक मैल पूर्वेला, मग एक मैल उत्तरेला, आणि बघतो तर काय, पुन्हा तंबूपाशीच येऊन पोचलेला! तिथे त्याला एक अस्वल दिसतं. तर अस्वलाचा रंग कोणता?

एकेकाळी सॉफ्टवेअरच्या मुलाखतींत असली कोडी हमखास विचारायचे. उत्तर अर्थातच 'पांढरा'. असं चालून परत जागेवर येणं फक्त ध्रुवांच्या आसपासच जमतं, आणि दक्षिण ध्रुवाकडे अस्वलं नसतात. आपण खूश, मुलाखत घेणारा खूश. पण यात कुणी म्हणत नाही की "अहो साहेब, मी काही उत्तर ध्रुवावर गेलेलो नाही, तिथली अस्वलं मी कशाला सांगू?" असं म्हणणारा पुढच्या राउंडला जाणार नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. हे आपल्याला कधी, कुठे आणि कुणी शिकवलं, हा प्रश्न मात्र आपल्याला पडत नाही.

आता वर्ष १९३१. जागा उझबेकिस्तान, फरगाना खोरं आणि त्याच्या कडेची डोंगराळ खेडी. (फरगाना म्हणजे तेच, बाबराचं माहेर. शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येऊन जातं.) चायखान्यात काही शेतकरी बसलेत आणि मॉस्कोहून आलेली माणसं त्यांच्याशी गप्पा मारतायत. गप्पांच्या ओघात पाहुणे सांगतात की लांब उत्तरेला, जिथे बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोव्हाया झेम्ल्या नावाची बेटं लांब उत्तरेला आहेत आणि तिथे कायम बर्फ असतं. तर मग तिथली अस्वलं कोणत्या रंगाची?

शेतकऱ्यांची उत्तरं मोठी मजेशीर आहेत. एक म्हणाला, मला काय माहीत, मी आपलं काळं अस्वल पाहिलंय, बाकीची नाही पाहिली. दुसऱ्याचं म्हणणं, ज्या त्या मुलखातली जनावरं वेगळी, तिथे जाऊन आलेल्यांना विचारा. एकाने तर असं सांगितलं की साठ-ऐंशी वर्षांच्या एखाद्या म्हाताऱ्याने पांढरं अस्वल पाहिलं असेल आणि तो सांगत असेल, तर विश्वास ठेवू. पाहुण्यांनी फारच आग्रह धरला तेव्हा कुणीतरी असंही म्हणालं की तुमच्या बोलण्यावरून ती पांढरी असावीत असं दिसतं. म्हणजे निष्कर्ष काढता येत होता! फक्त त्याची जबाबदारी घ्यायची तयारी नव्हती. तुमची विधानं, तुमचा निष्कर्ष, तुमचं तुम्ही बघा.

हे प्रश्न विचारणाऱ्या चमूचा प्रमुख होता अलेक्झांडर लुरिया. जन्म १९०२ चा, कझान शहरातल्या एका डॉक्टरच्या घरातला. जानेवारी १९२४ मध्ये पेत्रोग्राद शहरात (त्याच महिन्याच्या अखेरीस त्याचं लेनिनग्राड झालं) मानसशास्त्रज्ञांच्या एका परिषदेत त्याची लेव्ह व्हिगॉत्स्कीशी गाठ पडली. व्हिगॉत्स्की त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, गोमेलसारख्या आडगावातून आलेला. लुरिया त्याच्यामुळे पार भारावून गेला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. व्हिगॉत्स्कीचं म्हणणं थोडक्यात असं की माणसाचं मन डोक्याच्या आत आपोआप उगवत नाही. ते आधी माणसामाणसांत असतं, मग एकट्या माणसात उतरतं. मूल आधी आईशी मोठ्याने बोलतं, मग स्वतःशी मोठ्याने बोलतं, मग मनात बोलतं. आपण ज्याला 'माझा विचार' म्हणतो तो कधीतरी दोघांतला व्यवहार होता.

आता हे पटवायचं कसं? लहान मुलांवर प्रयोग चालूच होते. पण लुरिया आणि व्हिगॉत्स्की यांना इतिहास पाहिजे होता. एक अख्खा समाज बदलताना पाहिला आणि त्याबरोबर विचार करण्याची रीतसुद्धा बदलताना दिसली, तर बात बन गई! आणि असा समाज सोव्हिएत संघात शोधायला लांब जावं लागत नव्हतं. १९२९-३० पासून मध्य आशियात सामूहिक शेती आणली जात होती. कोलखोज म्हणजे सामूहिक शेत. एकाच खोऱ्यात एक शेतकरी अजून आजोबांसारखी एकट्याने शेती करतोय, आणि त्याचा चुलतभाऊ कोलखोजच्या बैठकीत कापसाच्या आकड्यांवर वाद घालतोय, अशी स्थिती होती. सॉफ्टवेअरच्या भाषेत, जुनं आणि नवं व्हर्जन एकाच वेळी प्रॉडक्शनमध्ये.

लुरियाने पाच गट केले. पहिला, 'इचकरी'तल्या म्हणजे घराच्या जनानी भागातल्या, निरक्षर बायकांचा. दुसरा, आडगावच्या निरक्षर शेतकऱ्यांचा. तिसरा, बालवाडी-शिक्षिकेचा छोटासा कोर्स केलेल्या बायकांचा. चौथा, कोलखोजमधल्या उत्साही कार्यकर्त्यांचा. आणि पाचवा, दोन-तीन वर्षं शिकून अध्यापिका विद्यालयात आलेल्या मुलींचा. इचकरीत परक्या पुरुषाला प्रवेश नाही, त्यामुळे तिथे चमूतल्या बायका गेल्या. १९३१ आणि १९३२ असे दोन उन्हाळे हे काम चाललं. व्हिगॉत्स्की स्वतः गेलाच नाही. त्याला क्षय होता.

रंगांचा प्रयोग मला विशेष आवडतो. रंगीत लोकरीच्या लडी पुढे ठेवायच्या आणि रंगांची नावं विचारायची, मग त्यांचे गट करायला सांगायचं. शिकलेल्या मुली निळा, लाल, पिवळा असं सांगून झटपट ढीग लावायच्या. इचकरीतल्या बायका, ज्यांचा जन्म भरतकामात गेला होता, त्या म्हणायच्या की हा पीचच्या फळाचा, हा फुललेल्या कापसाचा, हा पिस्त्याचा, हा काळजाचा, हा वासराच्या शेणाचा. आणि गट करा म्हटलं की अडून बसायच्या. शेण आणि पीच एकत्र कसं ठेवणार?

इथे कुठल्याही मराठी माणसाला हसू येईल. कारण साड्यांच्या दुकानात गेलात तर आजही हेच चालतं. आमसुली, डाळिंबी, मोरपिशी, अबोली, श्रीखंडी, चिंतामणी. आमच्या आजीला "आमसुली आणि डाळिंबी दोन्ही लालच ना?" असं विचारलं असतं, तर तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं असतं. आणि गंमत बघा, तीच आजी बँकेच्या स्लिपा रंगाप्रमाणे लावायची तेव्हा सरळ 'पिवळी' आणि 'गुलाबी' म्हणायची. म्हणजे रंग डोळ्यात नाहीत आणि नुसते डोक्यातही नाहीत. हातात जे काम आहे त्यात ते आहेत.

दुसरा प्रयोग अवजारांचा. हातोडी, करवत, ओंडका, कुऱ्हाड. यातलं वेगळं कोणतं? (हा प्रश्न आपण स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी शेकड्याने सोडवलाय.) आडगावचा शेतकरी म्हणतो, वेगळं काहीच नाही, सगळं लागतं. ओंडकाच काढला तर करवत चालवायची कशावर? लुरियाची माणसं त्याला सांगतात की दुसऱ्या एकाने ओंडका वेगळा काढला. त्यावर हा म्हणतो की त्याच्याकडे भरपूर सरपण असेल! मला विचाराल तर या उत्तराला पैकीच्या पैकी. 'अवजार' हा शब्द त्या माणसाला ठाऊक होता. पण वस्तू शब्दांखाली लावून ठेवणं हे काम आहे, असं त्याला वाटत नव्हतं. ते काम शाळेत असतं, कचेरीत असतं, गोदामात असतं. लाकूड फोडताना नसतं.

इथे थोडं विषयांतर. अस्वलाच्या कोड्याला उझबेक शेतकऱ्याने दिलेलं उत्तर 'मागासलेलं' म्हणण्याआधी आपलं न्यायशास्त्र आठवून बघा. डोंगरावर धूर आहे म्हणून तिथे आग आहे, हे अनुमान नैयायिक पाच पायऱ्यांनी मांडतात, आणि त्यात उदाहरण ही एक सक्तीची पायरी आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. नुसता नियम चालत नाही, कुठेतरी पाहिलेलं दाखवावं लागतं. शिवाय प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला 'शब्द' हे वेगळं प्रमाण आहे, म्हणजे जाणत्या, विश्वासू माणसाचं सांगणं. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने पाहिलं असेल तर मानू, म्हणणारा शेतकरी नेमकं हेच बोलत होता. त्याची चूक असेल तर एवढीच, की समोरचा प्रश्न परीक्षेतला आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

असो. तर मूळ मुद्दा. कोलखोजमध्ये काम करणारे आणि छोटे कोर्स केलेले लोक याच प्रश्नांची 'आपल्यासारखी' उत्तरं देत होते. अस्वलं पांढरी, ओंडका बाहेर. वर्षानुवर्षं शिकलेले नव्हते हे लोक, कित्येकांना जेमतेम लिहिता-वाचता येत होतं. एवढ्यात मेंदू तर बदलत नाही. बदललं होतं ते रोजचं काम. कुणाशी बोलायचं, कशाबद्दल बोलायचं आणि न पाहिलेल्या गोष्टी धरून आखणी करायची की नाही, हे बदललं होतं. पुढच्या वर्षाचा कापूस कागदावर मोजणाऱ्याला नोव्हाया झेम्ल्याचं अस्वल जड जात नाही. आडगावच्या शेतकऱ्याला मात्र ओळखीच्या दोन गावांतलं अंतर मुद्दाम चुकीचं धरून हिशेब करायला सांगितलं, तर तो म्हणायचा, पण तसं नाहीये ना! आणि पुढे जायचाच नाही.

इथवरचा भाग मानसशास्त्राच्या पुस्तकांत बऱ्याचदा येतो. त्याहून खोल असलेला भाग मागे पडतो, तो म्हणजे स्वतःविषयीचे प्रश्न. लुरियाने लोकांना विचारलं की तुम्ही माणूस म्हणून कसे आहात? तुमचा स्वभाव कसा? तुमच्यात उणिवा कोणत्या?

आडगावच्या लोकांना प्रश्नच कळेना. कुणी सांगितलं, मी अमुक गावाहून आलो, फार गरीब होतो, आता लग्न झालंय, मुलंबाळं आहेत. कुणी म्हणालं, माझा स्वभाव मी कसा सांगणार? दुसऱ्यांना विचारा, ते सांगतील. आणि एकाने उणिवांचा हिशेब असा दिला की माझ्याकडे एकच पोशाख आणि दोन झगे आहेत, याच काय त्या उणिवा.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो आणि मग जरा गप्प झालो. कारण 'उणीव' या शब्दाचा त्याने घेतलेला अर्थ अगदी सरळ आहे. जे उणं आहे ती उणीव. उणीव माझ्या आत कुठेतरी असते आणि मी वाकून ती पाहायची असते, हे त्याला कशावरून कळावं?

मग कोलखोजवाल्यांची उत्तरं वाचली की फरक दिसतो. ते कामावरून सांगायला लागतात. मी नेमलेलं काम पुरं करतो, पण मला राग आवरत नाही, मला अजून शिकलं पाहिजे, अशा धर्तीवर. लुरियाने याचं कारणही दिलंय. कोलखोजमध्ये बैठका व्हायच्या. कुणी किती काम केलं, कोण कमी पडला, का पडला, यावर सगळ्यांसमोर चर्चा व्हायची. माणूस आधी दुसऱ्याच्या कामाचं मोजमाप करायला शिकतो, मग दुसरे त्याचं करतात, आणि मग ती बैठक माणसाच्या आत भरायला लागते. मन आधी चारचौघांत आणि मग एकट्यात, हे व्हिगॉत्स्कीचं सूत्र इथे उघडं समोर दिसतं.

आणि मंडळी, ही बैठक आपल्या ओळखीची आहे. आपण तिला अप्रेझल म्हणतो! दर वर्षी तो फॉर्म येतो. तुमची बलस्थानं, तुमच्यात सुधारणेला वाव असलेल्या जागा. पहिल्या वर्षी पोरं काय लिहावं म्हणून सीनियरला विचारत फिरतात. सीनियर सांगतो, "अरे, लिही की मी फार परफेक्शनिस्ट आहे." ही थट्टा असते. पण पाच-सहा वर्षांनी तोच मुलगा लग्नाच्या साइटवर स्वतःबद्दल लिहिताना त्याच भाषेत लिहितो, घरी बायकोशी भांडताना त्याच भाषेत भांडतो, आणि रात्री झोप येत नसली की मनातल्या मनात तोच फॉर्म भरत असतो. थट्टा कधी संपली ते त्याला कळलेलं नसतं. आपल्या आजोबांना 'तुमचा स्वभाव कसा आहे?' असं विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते? माझा अंदाज, "गावात विचार."

हे चांगलं की वाईट? मला इथे सोपं उत्तर नको आहे. इचकरीतून बाहेर पडून अध्यापिका विद्यालयात गेलेल्या मुलीला स्वतःकडे बाहेरून बघता येणं ही केवढी मोठी गोष्ट असेल. मी वेगळी असू शकते, हे आधी स्वतःबद्दल बोलता आल्याशिवाय म्हणताच येत नाही. पण ज्या रस्त्याने ही ताकद आली, त्याच रस्त्याने सरकारी मोजपट्टीही आत आली.

आणि सरकार कुठलं होतं हेही पाहायला हवं. मार्च १९२७ मध्ये उझबेकिस्तानात 'हुजूम' नावाची मोहीम सुरू झाली होती, बायकांचे बुरखे उतरवण्याची. बुरखा उतरवला म्हणून बायकांचे खून पडले, तेही थोडेथोडके नाहीत. मार्च १९२९ मध्ये शाहीमर्दान गावात हमजा हकीमजादा नियाजी या उझबेक कवी-नाटककाराला जमावाने दगडांनी मारलं. लुरियाचं काम ज्या परिसरात झालं त्यातलंच हे गाव, आणि मध्ये जेमतेम दोन वर्षं. जमिनी आणि गुरं सामूहिक शेतीत ओढली जात होती. अरबी लिपी काढून लॅटिन आणली होती, म्हणजे काल वाचता येणारा माणूस आज निरक्षर. अशा वेळी मॉस्कोहून आलेला माणूस चहा पिता पिता तुम्हाला विचारतो की तुमच्यात उणिवा कोणत्या. काय सांगाल? लुरियाने लोकांना असंही सांगितलं होतं की आता तुम्ही आम्हाला तीन प्रश्न विचारा. आडगावच्या लोकांना प्रश्न सुचेनात. एकाने म्हटलं की विचारायलाही ज्ञान लागतं, माझं डोकं रिकामं आहे. लुरियाने ही कल्पनाशक्तीची मर्यादा मानली. मला यात थोडी तरी सावधगिरी दिसते. साहेबासमोर डोकं रिकामं असलेलं बरं, हे कळायला डोकं लागतं.

चमूच्या आतही सगळं एकमताचं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात लुरियाने उत्साहाने व्हिगॉत्स्कीला तार केली होती की उझबेकांना भ्रम होत नाहीत. म्हणजे समान लांबीच्या रेघा लहान-मोठ्या दिसणं वगैरे दृष्टिभ्रम. (त्या दिवसांत अशी तार कुणा भलत्याच्या हाती पडली तर तिचा काय अर्थ लागेल, याची कल्पना करा!) १९३२ मध्ये बर्लिन परंपरेतला नावाजलेला मानसशास्त्रज्ञ कुर्ट कॉफ्का मुद्दाम आला. आजारी पडून लवकर परत गेला, पण त्याआधी त्याने तपासलेल्या लोकांना भ्रम व्यवस्थित होत होते. डोळ्यांच्या बाबतीत लुरियाचा दावा लंगडाच राहिला.

पुढची गोष्ट दुःखाची आहे. १९३४ मध्ये व्हिगॉत्स्की आणि लुरियाच्या सिद्धांतावर छापील टीका सुरू झाली. सोव्हिएत शेतकऱ्याला मागास ठरवता काय, असा सूर. त्याच वर्षी जूनमध्ये व्हिगॉत्स्की क्षयाने गेला, वय ३७. जुलै १९३६ मध्ये पक्षाचा हुकूम निघाला आणि मुलांच्या चाचण्यांचं सगळं शास्त्रच मोडीत निघालं. मॉस्कोतल्या संस्थांमध्येही आत्मटीकेच्या सभा भरत होत्या, म्हणजे स्वतःच्या उणिवा सगळ्यांसमोर मोजून दाखवण्याच्या. लुरिया शहाणा होता. त्याने डॉक्टरीचं शिक्षण पुरं केलं, मेंदूच्या इजांकडे वळला, आणि महायुद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांवर केलेल्या कामामुळे जगप्रसिद्ध झाला. उझबेकिस्तानच्या वह्या मात्र कपाटात राहिल्या. पुस्तक आलं १९७४ मध्ये, सगळं झाल्यावर चाळीस वर्षांनी. इंग्रजीत १९७६. लुरिया १९७७ मध्ये वारला.

इंग्रजी आवृत्तीचा संपादक मायकेल कोल हा अमेरिकन. तो १९६२ मध्ये मॉस्कोला लुरियाकडे शिकायला गेला होता. त्याला या कामात एक गाठ दिसत होती. कोलखोजमध्ये शाळा, साक्षरता, बैठका, नवं काम, सगळं एकदमच आलं. मग फरक नक्की कशाने पडला? आपण डीबगिंग करताना हेच करतो, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. पण इतिहास तशी सोय देत नाही.

कोल आणि सिल्व्हिया स्क्रिब्नर यांना ती सोय पश्चिम आफ्रिकेत सापडली. लायबेरियात वाई लोक आहेत. त्यांची स्वतःची लिपी आहे, १८३० च्या दशकात त्यांच्यातल्याच मोमोलू दुवालू बुकेले याने तयार केलेली. ती कुठल्याही शाळेत शिकवली जात नव्हती. मित्राने मित्राला, काकाने पुतण्याला शिकवायची. वापर कशासाठी, तर पत्रं लिहायला आणि हिशेब ठेवायला. शेजारी कुराणाची अरबी शिकलेले लोक, आणि इंग्रजी शाळेत गेलेले लोक. एकाच समाजात तीन साक्षरता! त्यांचं पुस्तक १९८१ मध्ये आलं. निष्कर्ष असा की नुसतं वाचता-लिहिता आल्याने अस्वलाचं कोडं सुटत नाही. त्यासाठी, आणि विशेषतः आपलं उत्तर तसं का, हे शब्दांत सांगण्यासाठी शाळा लागते. कुराण पाठ करणाऱ्यांची याददाश्त वाढत जाणाऱ्या याद्यांच्या बाबतीत सरस होती, कारण पाठांतर ते त्याच पद्धतीने करत.

आणि वाई लिपीत पत्रं लिहिणाऱ्यांना एक वेगळीच गोष्ट येत होती. त्यांना पटावरचा एक खेळ शिकवला आणि तो खेळ कधीच न पाहिलेल्या, समोर नसलेल्या माणसाला समजावून सांगा, असं म्हटलं. ते आधी सांगायचे की हा खेळ आहे, तो दोघांत खेळतात, त्याला अमुक सामान लागतं, आणि मग नियमांकडे वळायचे. लांबच्या माणसाला पत्र लिहिताना त्याला काय माहीत नसेल, याचा विचार त्यांना रोजच करावा लागत होता.